घरातला श्रोता आणि बाजारातला श्रोता

रेघोट्या

मंडळी, कंपन्यांसाठी मजकूर लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. माहितीपत्रकं, वेबसाइटी, ईमेल, अधूनमधून व्हिडिओच्या संहिता. 'आमची ब्रँड स्टोरी लिहून द्या' असं काम वरचेवर येतं. त्यातल्या बहुतेक गोष्टी एकाच साच्यातल्या: संस्थापकाचं स्वप्न, मग ध्यास, मग यशाची घोडदौड. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकणारा वाचक एक तर स्पर्धक असतो किंवा संस्थापकाची आई.

गंमत अशी की हीच माणसं घरी उत्तम गोष्टी सांगतात. मीटिंगमध्ये 'आम्ही ग्राहककेंद्री उपाययोजना पुरवतो' म्हणणारा बाप रात्री लेकीला गोष्ट सांगताना आवाज बदलतो, नेमक्या जागी थांबतो, 'आणि दाराबाहेर कोण असेल?' म्हणून तिलाच विचारतो. कसब त्याच्याकडे आहेच. ऑफिसात ते गळून पडतं, कारण तिथे श्रोता समोर नसतो.

घरातला श्रोता फार निर्दय. मूल कंटाळलं की कुशीवर वळतं. नवरा 'हं, हं' करत मोबाइल उघडतो. सासूबाई म्हणतात, 'मागच्या वेळी तू हे वेगळं सांगितलं होतंस.' बाजारातला वाचकही यातलं सगळं करतो, फक्त आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण बोलतच राहतो. जाहिरातीत घरगुती जिव्हाळा ओतण्याबद्दल मी म्हणत नाहीये, ते पीक आधीच उदंड आहे. घरातून मला घ्यावीशी वाटते ती एवढीच जाणीव, की समोरचा मध्येच तोडू शकतो, चूक काढू शकतो आणि उद्या सकाळी पुन्हा त्याच्याच समोर उभं राहायचंय.

आता तपशील. मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असते आणि आईबाप वैतागतात. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना त्याच गोष्टी परत परत वाचून दाखवल्या, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानावर सारख्याच वेळा पडले, तरी ते जास्त लक्षात राहिले तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. आमच्या धंद्यात वाचकाला गोष्ट नुकती कुठे माहीत व्हायला लागते, तोवर मार्केटिंगवालेच तिला कंटाळलेले असतात. नवा साहेब, नवं घोषवाक्य. आणि मूल ज्या तत्परतेने 'असं नव्हतं, त्याची टोपी निळी होती' म्हणून पकडतं, त्याच तत्परतेने जुना ग्राहकही बदललेला तपशील पकडतो.

दुसरं, मतलबाचा वास. 'आई, तू आज किती छान दिसतेयस!' यावर जगातल्या कुठल्याही आईचं उत्तर एकच: 'काय हवंय?' मेरियन फ्रीस्टॅड आणि पीटर राइट यांनी १९९४ मध्ये हीच गोष्ट ग्राहकांबद्दल मांडली. लोक आयुष्यभर पटवणाऱ्यांचे डाव बघत त्याबद्दलचं ज्ञान साठवत जातात, आणि समोर चाललंय तो डाव आहे हे कळलं की त्याच शब्दांचा अर्थ बदलतो. कौतुक मग कौतुक राहत नाही. म्हणजे हळवा व्हिडिओ दाखवून शेवटच्या तीन सेकंदांत कंपनीचं बोधचिन्ह आणणं ही युक्ती जितकी जास्त वापरू, तितकी बघणाऱ्याची 'काय हवंय?' ही घंटा आधी वाजणार. आमच्याकडे धाकटी थेट म्हणते, 'मला अर्धा तास जास्त खेळायचंय, कारण उद्या सुट्टी आहे.' तिचं काम बऱ्याचदा होतं. थोरला प्रस्तावना करतो. त्याचं होत नाही.

तिसरं माझ्या विशेष आवडीचं. प्रत्येक घरात असा एखादा शब्द असतो की तो उच्चारला की सगळे खो खो हसतात आणि पाहुणा बावळटासारखा बघत बसतो. कंपनीतली भाषाही तशीच आतल्यांची. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी लोकांना प्रसिद्ध गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायला लावला आणि ऐकणाऱ्यांना गाणं ओळखायला सांगितलं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खी चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. 'एकात्मिक', 'सर्वसमावेशक', 'मूल्यवर्धित' ही आमची टकटक.

तुमच्या घरात काय सापडतं? विक्रीशी संबंध नसला तरी लिहा.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. संस्थापकाच्या आईला +१.

टोचणी

लेख आवडला, पण वाट निसरडी आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी २०१६ मध्ये लोकांना पटवण्याच्या आपल्या सहा जुन्या तत्त्वांत सातवं घातलं ते 'आपण एकच' या भावनेचं, आणि त्यात कुटुंबाला मोठी जागा आहे. रक्ताच्या माणसासाठी माणूस हिशेब न करता हो म्हणतो, हे त्यांनी बरोबर हेरलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना दिसतंय. बँक 'कुटुंब' झाली, विमा 'कुटुंब' झाला, ज्या ॲपवर मी एकदाच काहीतरी मागवलं तेही 'आमच्या कुटुंबात स्वागत' म्हणतं. त्या कुटुंबातून बाहेर पडायचं म्हटलं तर सदस्यत्व रद्द करण्याचं बटण चार पडद्यांच्या आड. बिल थकलं की हे नातेवाईक काय भाषा बोलतात तेही बघा.

दुसरी बाजू मुलांची. 'घरातून शिका' म्हटल्यावर बरीच हुशार डोकी जे शिकली ते हे, की घरात हट्ट करणाऱ्याचं चालतं, तेव्हा मुलांनाच गाठा. म्हणून तर कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९८० पासून १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करायला बंदी आहे आणि स्वीडनमध्ये १९९१ पासून १२ खालच्यांसाठी दूरचित्रवाणीवर. घराचं निरीक्षण निष्पाप नसतं, रेघोट्याताई.

रेघोट्या

@टोचणी, बटणाबद्दल शंभर टक्के सहमत. 'कुटुंब' हा शब्द मी ग्राहकांच्या मजकुरातून दिसेल तिथे खोडते. मला घराचं नाव नकोय, घरातली पद्धत हवी आहे. मुलांना गाठण्याच्या मुद्द्यावर वाद घालणार नाही, तुम्ही म्हणता ते खरंच आहे.

अपूर्णांक

मी आकडेवाला माणूस, गोष्टी सांगता येत नाहीत. पण घरातला एक धडा माझ्या कामात रोज उपयोगी पडतो, तो लिहितो.

१९७९ मध्ये मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी नवराबायकोंना वेगवेगळं विचारलं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. साफसफाई, मुलांची काळजी, भांडणं सुरू करणं अशा कामांची यादी होती. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक कामांत १०० टक्क्यांच्या पुढे गेली. लबाडी म्हणून नव्हे. आपण केलेलं आपल्याला लख्ख आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण बघितलेलंच नसतं.

आता कंपनीतली बैठक डोळ्यांपुढे आणा. सर्च जाहिरातवाला म्हणतो या महिन्यातल्या निम्म्या विक्रीचं श्रेय माझं. सोशल मीडियावाली म्हणते निम्मी माझ्यामुळे. ईमेलवाला म्हणतो चाळीस टक्के माझी. विक्री विभाग मनात म्हणतो, सगळी आमची. बेरीज करा. प्रत्येकाच्या डॅशबोर्डवर आकडा 'खरा'च असतो, कारण ज्या ग्राहकाने जाहिरातही पाहिली, ईमेलही उघडला आणि शेवटी फोनही केला, तो सगळ्यांच्याच खात्यात मोजला जातो. मोजणाऱ्या साधनांनाही आपलं तेवढंच दिसतं. दुसऱ्याने घासून ठेवलेली भांडी त्यांना दिसत नाहीत.

घरात खरा हिशेब कधी कळतो? एक जण आठवडाभर बाहेरगावी गेला की. कोणतं काम अडलं आणि कोणतं कुणाच्या लक्षातही आलं नाही, हे तेव्हा उघडं पडतं. जाहिरातीतही तेच करावं लागतं. सारख्या दोन भागांपैकी एकात ती जाहिरात काही काळ बंद ठेवायची, दुसऱ्यात चालू, आणि विक्रीतला फरक मोजायचा. कुणाला आवडत नाही हे. ज्याचं माध्यम बंद करायचं तो हिरमुसतो, आणि काही वेळा फरक इतका थोडा निघतो की बैठकीत शांतता पसरते. पण याहून प्रामाणिक उपाय मला माहीत नाही.

अवांतर: ही बेरीज घरी करून बघू नका. हलकेच घ्या.

वाचनमात्र

अपूर्णांक, 'भांडणं सुरू करणं' यातही लोक जास्त वाटा स्वतःकडे घेत होते?

अपूर्णांक

हो ना! त्यातच तर गंमत आहे. नुसती बढाई असती तर वाईट कामांत वाटा कमी सांगितला असता. म्हणून हा प्रकार मुख्यतः आठवणीचा दिसतो.

खिडकीपाशी

मी निवृत्त शिक्षिका. मार्केटिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण गोष्टी आणि मुलं कळतात म्हणून लिहिते.

'शाळेत आज काय झालं?' असं विचारलं की उत्तर येतं, 'काही नाही.' हे सगळ्या आईबापांना ठाऊक आहे. रॉबिन फिवुश आणि एलेन रीस यांनी आईमुलांच्या गप्पांचा बराच अभ्यास केला. ज्या आया घडलेल्या प्रसंगावर मोकळे, तपशिलाचे प्रश्न विचारतात, मुलाने सांगितलेल्या धाग्याला धरून पुढे जातात, त्यांची मुलं पुढे स्वतःच्या आठवणी जास्त भरीव सांगू लागतात. ज्या आया एकच प्रश्न घोळवत बरोबर उत्तराची वाट बघतात, त्यांच्याकडे तसं घडत नाही. म्हणजे गोष्ट मुलाच्या पोटात तयार नसते, विचारणाऱ्याबरोबर ती तयार होते.

मला कंपन्यांचे ते प्रश्न येतात ना, 'आमची सेवा कशी वाटली? १ ते ५', ते अगदी 'शाळेत काय झालं'च्या जातीचे. मी ४ देते आणि सुटते. एकदा मात्र एका मुलीने फोन करून विचारलं, 'काकू, हे यंत्र तुम्ही शेवटचं कधी सुरू केलं? तेव्हा घरात कोण होतं?' मी तिला बराच वेळ सांगत बसले. यंत्र माझ्यासाठी सुनेने घेतलं, वापरायचं कसं ते नातवाने शिकवलं, आणि रात्री त्याचा दिवा डोळ्यांवर येतो म्हणून मी त्यावर रुमाल टाकते. त्या रुमालाचं मी कुठल्याही चौकटीत टिचकी मारून सांगितलं नसतं.

अजून एक. फिवुश यांच्याबरोबर एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक होते. त्यांनी मुलांना घराण्याबद्दल २० प्रश्न विचारले: आजीआजोबा कुठे वाढले, आईवडील कसे भेटले, घरावर कोणतं संकट आलं होतं, असे. ज्यांना जास्त माहिती होती त्यांचा आत्मविश्वास सरासरीने जास्त दिसला. ड्यूक यांनी स्वतःच बजावलंय की नुसती उत्तरं पाठ करून घेतली तर काही होणार नाही, ही माहिती ज्या बैठकीतून, ज्या सवयीतून मुलापर्यंत येते तिच्यात मर्म आहे. त्यांच्या मते घराण्याच्या गोष्टी तीन घाटांच्या असतात. 'काही नव्हतं, सगळं मिळवलं.' 'सगळं होतं, सगळं गेलं.' आणि 'चढलो, पडलो, पण एकत्र राहिलो.' मुलाला सगळ्यात बळ देते ती तिसरी. रेघोट्या, तुमच्या संस्थापकांची गोष्ट कायम पहिल्या घाटाचीच का असते हो?

रेघोट्या

@खिडकीपाशी, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा सरस आहे. रुमाल तर मी उद्याच्या बैठकीत सांगणार.

पहिलाच घाट का, तर मंजुरी देणारा माणूस गोष्टीचा नायकही असतो म्हणून. आपल्या पडझडीचा परिच्छेद कापायचा अधिकार त्याच्याच हातात. मी एक पळवाट वापरते. पडझड संस्थापकाच्या तोंडून न सांगता जुन्या कर्मचाऱ्याच्या किंवा जुन्या ग्राहकाच्या तोंडून येऊ देते, 'तेव्हा माल वेळेवर यायचा नाही, आम्ही जाम वैतागलो होतो' अशी. तिला कात्री कमी लागते. आणि खपते ती तीच, कारण ऐकणाऱ्याने तो काळ स्वतः पाहिलेला असतो.

टोचणी

घरात गोष्ट सांगायचा हक्क कुणाला असतो हेही बघा की. एलिनॉर ऑक्स आणि कॅरोलिन टेलर यांनी अमेरिकेतल्या कुटुंबांची रात्रीच्या जेवणाची संभाषणं ध्वनिमुद्रित केली. १९९२ मध्ये त्यांनी मांडलं की प्रसंग बहुधा आई काढते, वडिलांना उद्देशून, आणि वडील त्यावर न्यायाधीश होतात. गोष्टीतलं पात्र म्हणून सगळ्यात जास्त छाननी होते ती मुलांची. मुलं वडिलांच्या दिवसाची छाननी क्वचितच करतात. ब्रँडच्या गोष्टीत ग्राहक तसाच असतो. गोष्ट त्याची, निकाल कंपनीचा. 'अमुक ताईंचं आयुष्य आमच्यामुळे कसं बदललं.' ताईंना कुणी विचारलंय?

नवा_गडी

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. मी छोट्या कंपन्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर विकतो. मालकाला दाखवतो, मालक खूश होतो, 'घेऊ या' म्हणतो, आणि मग काहीच होत नाही. घरातल्या कुठल्या धड्यात हे बसतं?

अपूर्णांक

घरात एखादी मोठी वस्तू घ्यायची ठरते तेव्हा बघा. विषय काढणारा एक, माहिती काढणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा आणि रोज वापरणारा चौथाच. हॅरी डेव्हिस आणि बेनी रिगो यांनी १९७४ मध्ये दाखवलं की निर्णयाच्या टप्प्याटप्प्याला नवराबायकोंचं वजन बदलतं. गरज ओळखताना एकाचं, शोधाशोध करताना दुसऱ्याचं, शेवटी बऱ्याचदा दोघांचं. तुम्ही पैसे देणाऱ्याला गोष्ट सांगताय. वापरणार तो हिशेबनीस, आणि तो काही न बोलता ते अडवून ठेवू शकतो. त्याला भेटलात का?

नवा_गडी

नाही. मालक म्हणाले, 'त्याचं मी बघतो, माझा शब्द त्याला पुरे.' पंधरा वर्षं बरोबर काम करताहेत म्हणे.

खिडकीपाशी

बाळा, माझं लग्न त्याहून जुनं आहे. 'त्याला कळलं असेल' यावर कधी विसंबू नकोस.

अपूर्णांक

काकूंच्या बाजूने पुरावा: केनेथ सॅवित्स्की, बोआझ केसार, निकोलस एप्ली वगैरेंचा २०११ चा अभ्यास. नवराबायकोंना एकमेकांची संदिग्ध वाक्यं ओळखायला दिली. त्यांना ती अनोळखी माणसांपेक्षा फारशी चांगली ओळखता आली नाहीत, पण 'माझ्या माणसाला कळेल' हा भरवसा मात्र जास्त होता. तुमच्या मालकाने हिशेबनीसाला नक्की काय सांगितलं असेल याची कल्पना करा. 'एक नवीन सॉफ्टवेअर येतंय, बघ.' आणि त्याने काय ऐकलं असेल? 'तुझी गरज संपत आलीय.'

नवा_गडी

बाप रे. हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या पत्रकाची सुरुवात अशी आहे: 'आमचं अत्याधुनिक, एकात्मिक हिशेब सॉफ्टवेअर मानवी चुका टाळून आपल्या व्यवसायाची कार्यक्षमता वाढवतं.' म्हणजे 'मानवी चुका' म्हणजे तोच!

टोचणी

त्याच्या टेबलावर जाऊन त्याचा अपमान करून आलात. तोही छापील.

सॉफ्टवेअर पोहोचवणाऱ्यांनो, एक विनंती मात्र आधीच करून ठेवतो. 'घरगुती गोष्ट' म्हणून त्या हिशेबनीसाच्या मुलीचा फोटो वगैरे पत्रकात टाकू नका, आणि स्वतःच्या मुलांचाही. फ्रान्सने २०२० मध्ये ऑनलाइन व्हिडिओतून कमाई करून देणाऱ्या १६ खालच्या मुलांसाठी कायदा केला, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून अशा मुलांच्या वाट्याचे पैसे बाजूला ठेवणं बंधनकारक झालं. कायदे नंतर येतात, मुलं आधी मोठी होतात.

रेघोट्या

@टोचणी, मान्य. वर मी माझ्या दोघांबद्दल लिहिलंय, त्यापलीकडे ती इथे दिसणार नाहीत.

@नवा_गडी, तुमचं पत्रक लिहून बघितलं. हिशेबनीसाला डोळ्यांपुढे ठेवून, मालकाला नव्हे:

'महिनाअखेर. बँकेच्या नोंदी आणि तुमची वही यांत एक रक्कम जुळत नाही. छोटीच आहे, पण सापडल्याशिवाय घरी जाता येत नाही. हे सॉफ्टवेअर बँकेच्या नोंदी वहीशेजारी मांडतं आणि न जुळणाऱ्या तेवढ्या वेगळ्या काढतं. कुठली बरोबर ते तुम्ही ठरवता, कारण व्यवहार तुम्हाला माहीत आहेत. पहिल्या महिन्यात जुनी पद्धतही चालू ठेवा. दोन्ही ताडून बघा.'

मालकासाठी वेगळं पान करा, त्यात पैशांचं बोला. हे पान हिशेबनीसाच्या हातात स्वतः द्या आणि तो वाचत असताना गप्प बसा. कुठे थांबतो, कुठे भुवया उंचावतो ते बघा.

नवा_गडी

हे फारच वेगळं आहे. आमच्या साहेबांना 'अत्याधुनिक' नाही हे खटकेल.

अपूर्णांक

'वेगळ्या काढतं' हे किती वेळा बरोबर काढतं ते मोजलंय का? तो पहिला प्रश्न तोच विचारणार.

नवा_गडी

आकडा आहे आमच्याकडे, चाचणीचा. विचारून टाकतो पत्रकात.

खिडकीपाशी

आणि जुनी पद्धत महिनाभर चालू ठेवायची म्हणजे त्या बिचाऱ्याला दुप्पट काम. ते कोण करणार, तेही लिहा.

रेघोट्या

काकू, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. नवा_गडी, तुमच्याकडचा माणूस पहिल्या महिनाअखेरीला तिथे जाऊन बसू शकेल का? बसणार असेल तरच ते वाक्य ठेवा, नाहीतर काढा.

नवा_गडी

मीच बसेन. सोमवारी जातोय, पान बरोबर नेतो.